पानांचा जमाखर्च मांडणारा गणिती : प्रा. श्रीपाद दाभोलकर

आपल्याकडे शेतकऱ्याची पत एकरांवर ठरते. सोयरीक जुळवताना मुलाकडच्यांची जमीन किती, हा प्रश्न आधी येतो आणि उत्तर एकरांऐवजी गुंठ्यांत आले की विचारणाऱ्याचा आवाज खाली उतरतो. आमच्या सीमाभागात हा प्रश्न मराठीत विचारा नाहीतर कानडीत विचारा, त्यातला भाव एकच असतो. मराठीतला गुंठा कानडीत गुंटे होतो, पण त्याची किंमत काही वाढत नाही. वाटण्या होत होत जमीन गुंठ्यांवर आली की ती विकून मोकळे व्हावे, असा सल्ला देणारे प्रत्येक गावात भेटतात.

या सल्ल्याला आयुष्यभर आकड्यांनी उत्तर देणारा एक मनुष्य आपल्याच मुलखात होऊन गेला. तो शेतकी कॉलेजात शिकलेला नव्हता. तो गणिताचा प्राध्यापक होता. प्रा. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे त्यांचे नाव. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शेतीशास्त्राशी माझा संबंध तसा दूरचा. पण जमाखर्च हा आमच्या शाखेचा विषय आहे, आणि दाभोलकरांनी जन्मभर जे केले तो एका अर्थाने जमाखर्चच होता. फरक एवढाच की त्यांच्या वहीत रुपयांच्या जागी सूर्यप्रकाश, पाणी आणि पाने होती.

दाभोलकरांचा जन्म १९२४ सालचा. घराणे साताऱ्याचे. अच्युत आणि ताराबाई दाभोलकर यांना दहा मुले. त्यांतील देवदत्त दाभोलकर पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सर्वांत धाकटे डॉ. नरेंद्र दाभोलकर हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीमुळे सर्वांना ठाऊक आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. एका घरातील भावांनी तीन वेगळ्या वाटा धरल्या, पण त्यांचा उगम मला एकच दिसतो. कोणी मोठ्या अधिकाराने सांगितले म्हणून ते खरे मानायचे नाही, स्वतः तपासून पाहायचे, हा तो उगम. श्रीपाद दाभोलकरांनी ही वृत्ती मातीत उतरवली.

त्यांच्या कामाची खरी सुरुवात झाली ती कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीला, मौनी विद्यापीठात. नावात विद्यापीठ असले तरी ही पदव्यांची गिरणी नव्हती. खेड्यातल्या माणसाला खेड्यातच, त्याच्या कामाला उपयोगी पडेल असे शिक्षण मिळावे, या हेतूने शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी ती उभी केली. कन्नड विभागाच्या वाचकांना हे वाचून आनंद वाटेल की, नाईकांनी ग्रामसेवेचे पहिले धडे धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या कानडी खेड्यात गिरवले होते. गारगोटीत पिकलेल्या विचाराचे बी असे दोन्ही भाषांच्या मातीतले आहे.

अशा संस्थेत गणित शिकवणाऱ्या माणसासमोर एक अडचण आपोआप उभी राहते. समोरची मुले शेतकऱ्यांची. त्यांना समीकरणे शिकवायची ती कशासाठी? दाभोलकरांनी फळ्यावरचे गणित बांधावर नेले. एका झाडाला पाने किती, एका पानाचे क्षेत्रफळ किती, त्यावर ऊन किती पडते, मुळे किती खोल जातात, पाणी किती लागते आणि आपण प्रत्यक्षात किती ओततो, हे सारे मोजता येते, असे त्यांनी पाहिले आणि दाखवले. पुस्तकातला अमुक पिकाला तमुक खत हा आकडा मुकाट्याने घ्यायचा नाही. आपल्या रानात मोजून आपला आकडा आपण काढायचा. शेतकऱ्याने हे केले की तो शास्त्रज्ञाच्या रांगेत बसतो, ही त्यांची धारणा होती.

यातूनच ‘प्रयोग परिवार’ उभा राहिला. हे अनौपचारिक जाळे होते. ज्याने काही करून पाहिले त्याने ते दुसऱ्याला कळवायचे. दुसऱ्याने आपल्या रानात ते पडताळून आपला अनुभव परत पाठवायचा. ज्ञान वरून खाली वाहते ही आपली नेहमीची कल्पना. येथे ते विहिरीच्या रहाटगाडग्यासारखे फिरते होते. भरलेला पोहरा रिता व्हायचा आणि पुन्हा भरून यायचा.

या परिवाराचे नाव झाले ते द्राक्षांमुळे. सांगली जिल्ह्यातील तासगाव हा पाऊस कमी असणारा भाग. तेथील बागायतदारांशी दाभोलकरांचा निकटचा संबंध होता. आपल्याकडे द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. उन्हाळ्यात फुटलेल्या काडीत पुढच्या घडाचा पाया घातला जातो आणि ऑक्टोबरनंतर तो घड बाहेर पडतो. म्हणजे आज दिसणारे फळ हे काही महिन्यांपूर्वीच्या पानांनी साठवलेल्या भांडवलावर उभे असते. एका घडामागे किती पाने हवीत आणि एका वेलीवर किती घड ठेवावेत, हे निव्वळ हिशेबाचे काम आहे. आज तासगावकडचा साधा बागायतदारही पाने मोजतो, काडीची जाडी पाहतो आणि जादा घड काढून टाकतो. शेतकऱ्याच्या नजरेत किती ताकद असते याचा दाखला हवा असेल तर ‘तास-ए-गणेश’ या द्राक्षाकडे पाहावे. ही जात तासगाव तालुक्यातील बोरगावचे बागायतदार वसंतराव आर्वे यांच्या मळ्यात निवडली गेली आणि पुढे महाराष्ट्रभर पसरली.

मात्र माझ्या मते दाभोलकरांचा मोठा विचार द्राक्षाचा नाही. तो आहे दहा गुंठ्यांचा. पाच माणसांच्या कुटुंबाला पोटभर आणि सकस खाता यावे, एवढे दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, पिकवता येते असे त्यांनी मांडले. ऐकताना हे अतिशयोक्तीचे वाटते. पण त्यामागचा युक्तिवाद साधा आहे. झाडाच्या वाळलेल्या वजनाचा बहुतेक भाग कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा असतो, आणि तो हवा व पाणी यांतून येतो. जमिनीतून येणारी खनिजे शेकडा पाचच्या आसपास. म्हणजे झाडाचे खरे भांडवल जमिनीत नसून उन्हात आहे. एक गुंठा गरिबाचा असो वा जमीनदाराचा, त्यावर पडणारे ऊन सारखेच. प्रश्न एवढाच की त्यातले किती ऊन हिरव्या पानावर पडते आणि किती मोकळ्या मातीवर पडून वाया जाते. पडलेल्या उन्हापैकी पान फार थोडा भाग, ढोबळमानाने शेकडा एक, साठवू शकते. म्हणून पानांनी जागा भरून टाकायची. उंच, मध्यम आणि बुटक्या झाडांचे मजले करायचे आणि गळलेले पान जाळायचे नाही, कुजवून पुन्हा मुळाशी द्यायचे.

मुळाशी म्हणजे कोठे, हेही त्यांनी नीट पाहिले होते. झाडाला खायला घालणारी बारीक पांढरी मुळे बहुतांशी वरच्या थरात असतात. त्यांना हवा आणि ओल दोन्ही हवी. चिखलात ती गुदमरतात आणि कडक मातीत वाढत नाहीत. एवढे समजले की एक गोष्ट उघड होते. मुळांभोवतीची थोडीशी जागा उत्तम ठेवली, तर ती जागा शेतात आहे, गच्चीवर आहे की जुन्या गोणीत आहे, याला फारसे महत्त्व उरत नाही. या विचारातून शहरातील गच्चीवरच्या शेतीला मोठी चालना मिळाली. मुंबईत आर. टी. दोशी यांनी दाभोलकरांपासून प्रेरणा घेऊन उसाचे चिपाड आणि पालापाचोळा भरलेल्या पिशव्यांत भाज्या आणि फळे पिकवून दाखवली आणि पुष्कळ शहरवासीयांना ती विद्या दिली. स्वतः दाभोलकरांनी आपली सारी पद्धत १९९८ साली ‘प्लेंटी फॉर ऑल’ या इंग्रजी ग्रंथात मांडली. २००१ साली ते गेले.

म्हणजे माझ्या जन्माच्या आधीच ते गेले. मी त्यांना पाहिलेले नाही. त्यांच्या विचाराशी माझी ओळख झाली ती दूर मध्य प्रदेशात, बालाघाटला, आणि तीही कलिंगडामुळे. हे सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही.

माझे मामा बालाघाटजवळ भरवेलीच्या मँगनीज खाणीत नोकरीला आहेत. कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने राज्याच्या या टोकाहून त्या टोकाला, गोंदियाला जायचे आणि तेथून गाडी बदलून बालाघाट. हा जिल्हा पूर्वी मध्य प्रांताच्या नागपूर विभागात होता, त्यामुळे बाजारात हिंदीबरोबर मराठीही कानावर पडते. आपण ज्याला कलिंगड म्हणतो आणि कानडीत ज्याला कल्लंगडी म्हणतात, त्याला तिकडची मराठी माणसे टरबूज म्हणतात. शहराला लागून वैनगंगा वाहते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की नदीच्या वाळूत टरबूज-खरबुजांचे वेल लावण्याची त्या सबंध मुलखात जुनी रीत आहे. विदर्भात अशा वाडीला डांगरवाडी म्हणतात. वाळूत ओल लागेपर्यंत खड्डा करायचा, त्यात कुजलेले शेणखत घालायचे आणि बी टोचायचे. भोवती नुसती वाळू. त्या वाळूत अन्न जवळजवळ नाही. वेल जगतो तो खड्ड्यातल्या पाटीभर खतावर, खालच्या ओलीवर आणि वरच्या रखरखीत उन्हावर.

हे पाहिल्यावर मला दाभोलकरांचा सिद्धान्त डोळ्यांसमोर उभा राहिल्यासारखा वाटला. तो खड्डा म्हणजे नदीने दिलेली कुंडीच की! ढीमर समाजाच्या ज्या माणसांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांच्याकडे स्वतःची जमीन सहसा नसे. जमीन नसताना पीक घेणारी ही माणसे प्रयोग परिवाराची पूर्वजच म्हणायला हवीत.

दिवाळीच्या सुट्टीत हे बोलणे निघाले आणि मामींनी ते मनावर घेतले. खाणीच्या वसाहतीत त्यांच्या दाराशी फरशी घातलेली लहानशी जागा आहे. माती नाही, पण ऊन सहा-सात तास मिळते. दोन मोठ्या गोण्या घेतल्या. बालाघाट हा भाताचा जिल्हा. तेथील चिन्नोर तांदूळ प्रसिद्ध आहे. म्हणून तळाशी तणस, म्हणजे भाताचा पेंढा, दाबून भरली. त्यावर पाचोळा आणि कुजलेले शेणखत यांचे थर दिले आणि वर विताएवढी चांगली माती घातली. बी ‘शुगर बेबी’ जातीचे. ही जात १९५० च्या दशकात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात तयार झाली आणि पुढे आपल्याकडे रुळली. फळ लहान, गोल, गडद हिरवे, साधारण दोन ते चार किलोंचे. आत लालभडक आणि बी बारीक. जुन्या दहा-बारा किलोंच्या कलिंगडाला गोणी पुरणार नाही, पण हे फळ लहान कुटुंबाला आणि लहान जागेला दोन्हींना बेताचे आहे.

जानेवारीच्या शेवटी बी लावले. गोणीमागे एकच रोप ठेवले. वेल जमिनीवर पसरायला जागा नव्हती म्हणून बांबू आणि सुतळीच्या मांडवावर चढवले. कलिंगडाच्या एकाच वेलावर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी येतात. मादी फुलाच्या देठाशी सुपारीएवढे इवले फळ आधीच दिसते. मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी फुले उमलताच नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला हाताने लावावे लागतात; उन्हे चढल्यावर ते साधत नाही. मामी रोज सकाळी हे काम करीत आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेवर खूण करून ठेवीत. त्या खुणांमुळे पुढे फळाचे वय अचूक कळले.

आम्ही आधीच ठरवले होते की एका वेलावर एकच फळ ठेवायचे आणि दुसऱ्यावर जेवढी धरतील तेवढी. दुसऱ्यावर चार धरली. मी एप्रिलच्या अखेरीस परीक्षा आटोपून गेलो, तेव्हा एकट्या फळाला जुन्या साडीची झोळी बांधून मांडवाला टांगावे लागले होते. चौघांना झोळीची गरजच पडली नव्हती. संत्र्याहून थोडी मोठी होऊन ती थांबली होती. एकटे फळ दुकानातल्या काट्यावर सव्वादोन किलो भरले. फळाजवळचा ताणा वाळला होता, बोटाने टिचकी मारल्यावर आवाज बद्द येत होता. तोडण्याआधी आठवडाभर पाणी कमी केले होते, त्यामुळे गोडी उतरली होती. चार फळांतील दोन कापून पाहिली. आतून फिकी होती.

दुपारी सावलीत बसून मी वहीवर हिशेब मांडला. कलिंगडात शेकडा बाण्णवच्या आसपास पाणी असते. म्हणजे दोन किलोंच्या फळात घन पदार्थ फक्त १६० ग्रॅम. उत्तम ऊन, पाणी आणि खत असताना एक चौरस फूट पान दिवसाला फार तर तीन ग्रॅमच्या आसपास घन पदार्थ कमावते असे धरले, तर फळ भरण्याच्या ३५ दिवसांत त्याची कमाई १०५ ग्रॅम होते. कागदावर दीड चौरस फूट पान एका फळाला पुरे! पण हा झाला ढोबळ नफा. त्यातून वेलाची वाढ वजा करायची, मुळांचा खर्च वजा करायचा, वेल श्वासातून जाळतो तो भाग वजा करायचा. सावलीत दडलेली पाने कमावत नाहीत, ती घसाऱ्याला धरायची. दोन्ही वेलांची पाने मी मोजली आणि अंदाजे क्षेत्रफळ काढले. कमाई दोन्हींची जवळजवळ सारखी होती. एकाने ती एका खात्यावर जमा केली, दुसऱ्याने चार खात्यांवर विखुरली. दोन वर्षे ताळेबंद शिकूनही निव्वळ नफा ही गोष्ट मला जितकी त्या दिवशी समजली तितकी वर्गात समजली नव्हती.

येथे वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मला एक शंका मांडलीच पाहिजे. नाहीतर हा लेख नुसती स्तुती ठरेल. त्या एका कलिंगडासाठी मामींनी तीन महिने रोज दोन वेळा पाणी घातले. त्या वेळेची मजुरी लावली तर ते फळ बाजारातल्या दहा फळांहून महाग पडेल. दाभोलकरांच्या दहा गुंठ्यांतही हाच प्रश्न आहे. माणसाचे श्रम आणि रोजचे लक्ष ही त्यात मोठी जमेची बाजू आहे आणि तीच मोठी खर्चाचीही. शिवाय दहा गुंठे पोट भरतील, पण मुलीची फी, दवाखाना, विजेचे बिल यांना रोख पैसा लागतो. ज्या द्राक्षाने प्रयोग परिवाराला कीर्ती दिली, ते पीक पुढे मोठ्या भांडवलाचे आणि कर्जाचे झाले, हेही आपण पाहतो. म्हणून दहा गुंठे हा श्रीमंतीचा मार्ग आहे असे कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पण माझ्या समजुतीप्रमाणे दाभोलकरांचे म्हणणे तसे नव्हतेच. उपासमार आणि लाचारी यांपासून माणसाला वाचवणारा किमान पाया किती जागेत घालता येतो, हे ते मोजत होते. ज्याच्या घरचे अन्न घरात पिकते त्याला पडत्या भावात माल विकावा लागत नाही. त्याला नोकरीत आणि बाजारात थोडे ताठ उभे राहता येते. या ताठपणाची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही, तरी ती मालमत्ता खरी आहे.

हा प्रश्न माझ्यासाठी नुसता पुस्तकी नाही. आजोबांच्या पश्चात वाटण्या होऊन आमच्या वाट्याला बारा गुंठे आले. रस्त्याकडेची जागा आहे, गिऱ्हाईकही आहे. घरात या वर्षी विक्रीचे बोलणे बरेच पुढे गेले होते. बालाघाटहून आल्यावर मी वडिलांपुढे वही ठेवली. त्यांनी आकडे दोनदा वाचले, फार काही बोलले नाहीत. पण गिऱ्हाइकाला एक वर्ष थांबायला सांगितले आहे. आईने त्यातल्या दोन गुंठ्यांवर शेवगा, पपई, भाज्या आणि कडेला कलिंगडाचे चार आळे असा मजल्यांचा आराखडा काढला आहे. प्रत्येक वेलावर फळ किती ठेवायचे हे आधीच लिहिले आहे. वर्षाअखेर हिशेब तोट्यात गेला तर जमीन विकू. निदान न मोजता विकली असे होणार नाही.

प्रा. दाभोलकरांचे मोठेपण मला यातच दिसते. त्यांनी लोकांना एखादे पीक दिले नाही की एखादे औषध दिले नाही. त्यांनी मोजण्याची सवय दिली. गरीब माणूस आपल्याजवळ काय नाही ते रोज मोजतो. त्यांनी त्याला आपल्याजवळ काय आहे ते मोजायला शिकवले. ऊन, पाऊस, पाचोळा, दोन हात आणि शेजाऱ्याचा अनुभव. आपल्या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांत गुंठेवारीत आलेल्या शेतकऱ्यांची मुले पुष्कळ आहेत. त्यांनी या उन्हाळ्यात एक गोणी, एक वेल आणि एक वही एवढ्यावर सुरुवात करावी आणि जे आकडे येतील ते पुढच्या अंकाकडे पाठवावेत. तेवढ्याने प्रयोग परिवाराचा रहाट पुन्हा एक फेरा फिरेल.